ग्लॅमर आणि ग्रामर : बालाघाटच्या एका चर्चचं चित्र

मंडळाच्या या अंकासाठी प्रत्येकानं एकेक परका शब्द निवडून त्याचा अभ्यास करायचा असं ठरलं, तेव्हा मी ‘ग्लॅमर’ हा शब्द मागून घेतला. सरांना वाटलं मी सिनेमावर लिहिणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. पण नाताळच्या सुट्टीत घरी बालाघाटला गेले आणि तिथं चर्चच्या भिंतीवर लावलेल्या एका रंगीत चित्रापाशी हा शब्द मला पुन्हा भेटला. त्यामुळे लेख सिनेमाचा न होता बांधकामाचा झाला आहे. सांभाळून घ्या.

ज्यांना बालाघाट ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वैनगंगेकाठचं आमचं गाव मध्य प्रदेशात आहे, पण गोंदिया अगदी जवळ. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमची राजधानी होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आम्ही इकडेच राहिलो. म्हणून आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि भांडणात दोन्ही. रविवारची उपासना हिंदीत होते. आजीच्या पिढीतल्या बायका मात्र प्रार्थना मराठीतच पुटपुटतात.

आमच्या मंडळीचं प्रार्थनेचं घर जुनं आहे. कवेलूचं छप्पर, जाड भिंती, बुटकी दारं. (कवेलू म्हणजे तुमच्याकडची कौलं.) पावसाळ्यात दोन ठिकाणी गळतं, तिथं बादल्या ठेवतात. नवीन बांधायचं बऱ्याच वर्षांपासून चाललं होतं. शेवटी शहरातल्या एका ड्राफ्ट्समनकडून संगणकावर मॉडेल करून घेतलं आणि त्याचं चार फुटी चित्र छापून पुलपिटाच्या बाजूला लावलं. चित्र सुंदर होतं यात वादच नाही. पुढची अख्खी भिंत काचेची, तिच्यावर उंच क्रूस, चौदा रुंद पायऱ्या, आत संगमरवरी फरशी, आणि काचेतून शिरलेला सोनेरी उन्हाचा एक लांब पट्टा थेट वेदीवर पडलेला. ते चित्र लागल्यापासून वर्गणी भराभर जमू लागली. तरीही अंदाजपत्रक जमलेल्या रकमेच्या अडीचपट होतं.

माझी आत्या काठी घेऊन चालते. ती चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, “पोरी, यात आपण कुठं बसतो?”

मला उत्तर देता आलं नाही. चित्रात माणसं होती, पण ती कोट घातलेली, गळ्यात मफलर गुंडाळलेली. आवारात पाइनची झाडं होती. आमच्या आवारात एक कडुनिंब आहे, तो चित्रात नव्हता.

आता शब्दाकडे येते. ‘ग्लॅमर’ हा शब्द इंग्रजीत आला तो स्कॉटलंडच्या बोलीतून, अठराव्या शतकात. वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनामुळे तो सगळीकडे पसरला. त्याचा मूळ अर्थ सौंदर्य नव्हे, जादू. डोळ्यांवर टाकलेली अशी मोहिनी की जे नाही ते दिसावं. आणि गंमत अशी की हा शब्द ‘ग्रामर’ या शब्दाचंच बिघडलेलं रूप आहे. हो, तेच आपलं व्याकरण! मध्ययुगात ग्रामर म्हणजे पोथीतली विद्या. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांना वाटायचं की पोथी वाचणाऱ्याला मंत्रतंत्रही येत असणार. म्हणून एकाच शब्दाच्या दोन वाटा झाल्या. एक शाळेत गेली, दुसरी जादूकडे.

मराठीत ग्लॅमरला एकच एक शब्द नाही. झगमगाट, भपका, दिमाख, रुबाब हे सगळे जवळचे, पण त्यांत फसवणूक नाही. मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जातो तो आमच्या जंगलपट्टीतला शब्द, रानभूल. रात्री जंगलात माणूस गोल गोल फिरत राहतो, प्रत्येक वेळी त्याला वाटतं की गाव समोरच आहे. आमच्याकडची जुनी माणसं याला चकवा लागणं म्हणतात.

आणि आपल्या भाषेत या दोन वाटा पुन्हा एकत्र आणणारा एक माणूसही होऊन गेला. फादर थॉमस स्टीफन्स. त्यांनी १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ छापलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. मराठीचा थाट बघावा तर त्यात. त्याच माणसानं कोकणीचं व्याकरण लिहिलं, जे त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. ओवी घडवणारा आणि व्याकरण मांडणारा हात एकच. मला वाटतं, इमारतीचंही असंच असायला हवं.

सुट्टीत माझा आतेभाऊ घरी होता. तो सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, आणि पंचांनी त्यालाच ड्राफ्ट्समनची मूळ फाइल दिली होती. (मी त्याला दादा म्हणते, पुढेही तसंच लिहिते.) आम्ही दोघं ती फाइल स्केचअपमध्ये उघडून बसलो. मला यातलं काहीच येत नव्हतं, पण दोन दिवसांत एवढं कळलं की मॉडेल आणि रेंडर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मॉडेल म्हणजे भिंत किती जाड, खिडकी किती उंचीवर, छपराचा उतार किती याची आकड्यांतली मांडणी. रेंडर म्हणजे त्या मांडणीवर उजेड, पोत, सावली, माणसं, झाडं चढवून काढलेलं चित्र. एकाच मॉडेलमधून दहा रेंडर निघू शकतात, भर दुपारचं, पावसाचं, रात्रीचं. भिंतीवर लागतं ते बहुतेक संध्याकाळचं असतं, कारण तिरप्या उन्हात काहीही देखणं दिसतं. आमच्या गावची कचेरीसुद्धा.

मग दादानं सावलीची खिडकी उघडली आणि हसायलाच लागला. फाइलमध्ये जागेचं नाव होतं, बोल्डर, कोलोरॅडो. म्हणजे अमेरिका. स्केचअपमध्ये आपण आपलं गाव भरलं नाही तर प्रोग्रॅम हेच गाव धरून चालतो. आमचं चर्च दोन वर्षं कोलोरॅडोच्या उन्हात उभं होतं!

हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, कसं ते बघा. बोल्डर ४० अंश अक्षांशावर आहे. तिथं २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त साडेसव्वीस अंश वर असतो. बालाघाट २१.८ अंशांवर. त्याच दिवशी, त्याच वेळी आमचा सूर्य जवळजवळ ४५ अंशांवर असतो. २१ जूनला तर तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकतो, कारण कर्कवृत्त आमच्या उत्तरेला आहे. म्हणजे उत्तरेच्या खिडकीत ऊन येतच नाही ही समजूतही आमच्याकडे चालत नाही.

दादानं बालाघाट भरलं, तारीख नाताळची ठेवली, वेळ सकाळी साडेनऊ, उपासनेची. वेदीवरचा सोनेरी पट्टा नाहीसा झाला. होणारच होता. वेदी पूर्वेला, काच पश्चिमेला, आणि सकाळी सूर्य आग्नेयेला. मग वेळ पुढे सरकवत नेली. संध्याकाळी पट्टा परत आला, पण तेव्हा चर्चमध्ये कोणी नसतं. एप्रिल-मे महिन्यात तो आणखी लांब आणि आणखी वेळ राहिला. पारा चाळिशी ओलांडतो त्या दिवसांत, दुपारी चारनंतर, एवढ्या मोठ्या काचेतून! चित्रात जे कृपेचं किरण वाटत होतं ते हिशेबात भट्टीचं तोंड निघालं.

म्हणजे ज्या यंत्रानं मोहिनी घातली त्याच यंत्रानं ती उतरवली. संगणक खोटं बोलत नव्हता. त्याला जे विचारलं त्याचं त्यानं उत्तर दिलं. ‘कसं दिसेल’ एवढंच विचारलं होतं.

अशा कामाचं मोठं उदाहरण म्हणजे बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया. अंतोनी गौदी यांनी ते १८८३ मध्ये हाती घेतलं आणि १९२६ मध्ये ट्रामच्या धक्क्यानं ते गेले तेव्हा ते बरंचसं अपुरं होतं. पुढे १९३६ च्या यादवीत त्यांच्या कार्यशाळेतले प्लास्टरचे नमुने फोडले गेले, कागद जळले. राहिले तुकडे. मार्क बरी नावाचे वास्तुविशारद १९७९ ते २०१६ या काळात या कामात होते. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तुकड्यांवरून आकार शोधायला संगणक वापरला, कॅटिया नावाचा, विमानं बनवणारे लोक वापरतात तो प्रोग्रॅम. हे जमलं कशामुळे? गौदींचे आकार डोळ्यांना कितीही अद्भुत वाटले तरी नियमात बसणारे होते म्हणून. त्यांचे वळणदार पृष्ठभाग सरळ रेषा सरकवून तयार होतात, म्हणजे गवंड्याला दोन टोकांत सूत ताणून ते बांधता येतात. तुकडा मिळाला की त्याचं समीकरण निघतं, आणि समीकरणावरून उरलेला भाग. नुसतं सुंदर रेखाचित्र जळलं असतं तर ते कायमचं गेलं असतं. व्याकरण शिल्लक होतं म्हणून वाक्य पुरं करता आलं. १९३६ मध्ये फुटलेल्या गोष्टीखाली बसून २०१० मध्ये लोकांनी अभिषेकाची उपासना केली.

त्याहीआधी गौदींनी एक मॉडेल केलं होतं, कोलोनिया ग्वेलच्या चर्चसाठी. छताला दोऱ्या टांगून त्यांना छर्‍यांच्या छोट्या पिशव्या बांधल्या. वजनानं दोऱ्या ज्या वळणानं लोंबतात तेच वळण उलटं केलं की कमानीचं योग्य वळण मिळतं. फोटो काढून तो उलटा धरायचा. संगणक नव्हता, पण विचारलेला प्रश्न ‘कसं दिसेल’ हा नव्हता, ‘कसं पेलेल’ हा होता.

बार्सिलोना लांबचं झालं. जवळचं उदाहरण दादरचं, पोर्तुगीज चर्च म्हणून ओळखलं जाणारं अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन. मुंबईचे वाचक त्याच्या समोरून रोज बसनं जात असतील. चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात तिथली नवी इमारत केली. तिला मोठी दर्शनी भिंत जवळपास नाहीच. बंद जागा आणि उघडी अंगणं एकमेकांत गुंतवलेली, आणि छपरातून उजेड आत उतरवणारी काँक्रीटची उंच आवरणं. वारा खेळतो, माणसं अंगणात सांडतात. लग्न, मयत, सण यांत आपली माणसं जशी अर्धी आत अर्धी बाहेर उभी असतात ते त्यात धरलेलं आहे. रस्त्यावरून फोटो काढला तर मात्र ते फार काही दिसत नाही. मला स्वतःला ही इमारत फोटोत आवडली नव्हती. आत बसल्यावर मत बदललं.

उलट्या बाजूचं उदाहरण गोव्याचं, आणि हे आमच्या पंचांना मी मुद्दाम सांगितलं. जुन्या गोव्यातलं बॉम जेझू बॅसिलिका, १६०५ मध्ये अभिषेक झालेलं. आज आपण ते लाल, उघड्या जांभ्या दगडाचं पाहतो आणि म्हणतो, वा, काय पुरातन! पण ते तसं बांधलेलंच नव्हतं. जांभ्यावर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात बाल्तझार कास्त्रो या पोर्तुगीज जाणकारानं तो काढून टाकायला लावला. जांभा मऊ, सच्छिद्र दगड. कोकणपट्टीच्या पावसात त्याला अंगरखा लागतोच. तो काढल्यापासून दगड झिजतोय, आणि गिलावा परत करावा अशी मागणी खुद्द चर्चमधूनच झाली आहे. तिला विरोधही होतो, कारण लोकांच्या डोळ्यांत तो लाल रंग बसला आहे. म्हणजे ग्लॅमर नेहमी नव्या काचेचंच असतं असं नाही. जुनेपणाचंही असतं.

हे मी सांगितलं ते आमच्या बैठकीत, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी. पाळकसाहेबांनी दादाला मॉडेल प्रोजेक्टरवर दाखवायला सांगितलं होतं. ऊन झालं, मग आवाज झाला. आवाजाचं गणित जुनं आहे. वॉलेस सबाइन या हार्वर्डच्या प्राध्यापकानं १८९५ पासून त्यावर काम केलं. तिथल्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. त्यानं शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मोजायचं, सकाळी परत करायच्या. त्यातून सूत्र निघालं : खोलीचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले आवाज शोषून घेणारं क्षेत्र. आमचं नवं चर्च २० मीटर लांब, १० रुंद, ७ उंच, म्हणजे १४०० घनमीटर. काच आणि संगमरवर जवळजवळ काहीच शोषत नाहीत, म्हणून रिकाम्या इमारतीचं शोषण दादानं ६० चौरस मीटर धरलं. घुमणं आलं पावणेचार सेकंद. माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषतो. दोनशे माणसं बसली की तेच १.४ सेकंदांवर येतं, आणि ते भजनाला छान, प्रवचनाला चालण्यासारखं. पण बुधवारच्या प्रार्थनेला आम्ही पंधरा जण असतो. शब्दावर शब्द चढणार, आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना कमी ऐकू येतं तीच बुधवारी न चुकता येतात.

इथवर सगळे ऐकत होते. मला वाटलं जिंकलो. तेवढ्यात मागच्या बाकावरचे एक पंच उठले, खाणीत नोकरी करून निवृत्त झालेले. म्हणाले, “बाई, तुमचं गणित बरोबर असेल जी. पन मला एक सांगा, आमच्या बापजाद्यांनी कवेलूखाली प्रार्थना केली, आमी कवेलूखाली केली. आता पोरांनी एक काचेचं चर्च मागितलं त त्यात बी भट्टीच दिसते काय तुमाले?”

कोणी काही बोललं नाही. मी तर नाहीच. त्या चित्रासाठी त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून दिलं होतं, हे मला माहीत होतं. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चकचकीत इमारतींबाहेर चपला काढल्या त्यांना आपलीही एक असावी असं वाटणं यात भपक्याची हौस कमी आणि मानाची गोष्ट जास्त आहे. माझ्या टिपणात हा मुद्दा नव्हताच. ‘साधं बांधा’ हे सांगणं फार सोपं असतं, विशेषतः ज्याला सुट्टी संपली की परत जायचं आहे त्याला.

उत्तर पाळकसाहेबांनी दिलं, आणि तेही प्रश्न विचारून. त्यांनी दादाला विचारलं, पैसे अर्ध्यात संपले तर या चित्रातलं काय उभं राहील? दादानं थर एकेक करून बंद करून दाखवले. काच नाही, तर पुढची बाजू उघडीच. म्हणजे या नकाशात अर्ध्यावर थांबायची सोयच नव्हती. मला मुंबईचं अफगाण चर्च आठवलं. कुलाब्याचं हे चर्च हेन्री कॉनिबिअर यांच्या आराखड्यावर बांधलं गेलं, १८५८ मध्ये त्याचा अभिषेक झाला, आणि समुद्रावरून जहाजांना दिसणारा त्याचा उंच मनोरा पुरा झाला १८६५ मध्ये. मधली सात वर्षं त्या मनोऱ्याशिवाय उपासना चाललीच होती. मनोरा हवाच होता त्यांना, पण तो थांबू शकेल अशा जागी होता. हे मी सांगितलं तेव्हा ते निवृत्त पंच खाली बसले आणि म्हणाले, “मंग क्रूस उंच पाहिजे. तो कमी नाही करायचा.” तो कमी केलेला नाही.

त्या आठवड्यात दादानं नवं मॉडेल सुरू केलं. काच पश्चिमेकडून काढून उत्तरेला, वर, अरुंद पट्ट्यात नेली, आणि जूनच्या उन्हासाठी तिच्यावर दीड हाताची छपरी. छपराला उतार, पन्हाळ लपवलेली नाही, उघडी, म्हणजे तुंबली तर दिसेल. पश्चिमेला बालाघाटच्या बांबूच्या जाळीचा पडदा असलेला मोठा ओसारा, लग्नाला माणसं सांडायला. जाळीतून संध्याकाळचं ऊन ठिपक्याठिपक्यांनी आत येतं. रेंडर काढलं तेव्हा ते इतकं देखणं दिसलं की मीच दादाला म्हटलं, हेच भिंतीवर लावू. तो म्हणाला, आधी सकाळी साडेनऊचं काढू, मग बघू. माणसांसाठी तयार संग्रहात लुगडं नेसलेली बाई मिळेना, तेव्हा त्यानं रविवारी आवारात फोटो काढून त्यांच्या आकृत्या कापल्या. आता चित्रात आमचे शेजारीच दिसतात. एकाची तक्रार आहे की त्याला जाड दाखवलंय.

पायऱ्यांचं मात्र अजून ठरलेलं नाही. चौदा पायऱ्या, प्रत्येकी १५ सेंटीमीटर, म्हणजे जोतं २१० सेंटीमीटर उंच. चाकाच्या खुर्चीला चढता यावं असा उतार एकास बारा लागतो, म्हणजे २५ मीटरांहून लांब रॅम्प. आवारात तेवढी जागा फक्त कडुनिंबाच्या बाजूनं आहे, आणि झाड तोडायला कोणी तयार नाही. जोतं तीन पायऱ्यांवर आणलं तर साडेपाच मीटरांत काम भागतं. पण वैनगंगेचं पाणी एकदा आवाराच्या फाटकापर्यंत आलं होतं असं जुनी माणसं सांगतात, म्हणून काहींना जोतं उंचच हवंय. दादा पाच पायऱ्यांवर आला आहे. ९ मीटरांचा रॅम्प, झाडाला वळसा घालून. आत्याला त्यानं लॅपटॉपवर तो वळसा दाखवला. तिनं विचारलं, वळणावर टेकायला काही आहे का? नव्हतं. आता तिथं एक ओटा काढलाय, कडुनिंबाच्या सावलीत. सावली कोणत्या महिन्यात किती वाजता तिथं असते, ते तो तपासतोय.